सहा थरांखाली

१

"चाळीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलंय?"

बायकोने रविवारी सकाळी असं विचारलं, तेव्हा रंगाऱ्याने चहाचा कप अलगद खाली ठेवला. चाळीस वर्षांत तिने काय काय मागितलं त्याची यादी त्याला तोंडपाठ होती. पण ती म्हणून दाखवण्याइतका तो मूर्ख नव्हता. बाकी बराच होता, इतका नव्हता.

"छे! कधीच नाही. बोला बाईसाहेब."

"मला सायकल हवी."

रंगारी हसला. मग तिचं तोंड बघून त्याने हसू खोकल्यात घातलं.

"हसा, हसा. लग्नाआधी मी हात सोडून चालवायचे. डॉक्टरही म्हणाले, गुडघ्यांना चांगली. आणि हा आपला उतार बघितला की मला रोज वाटतं, एकदा तरी पायडल न मारता सुटावं खाली, तोंडावर वारा घेत."

उतार त्यांच्या पायरीपासूनच सुरू व्हायचा. घर वरच्या टोकाला. खाली, रस्ता वळतो तिथे, गोदामाची पिवळ्या चुन्याची भिंत. तिला नुसता खांदा लागला तरी पिवळा डाग दोन धुण्यांत जायचा नाही.

रंगारी म्हणजे घरं रंगवणारा नव्हे. लोखंडी कपाटांच्या कारखान्यात त्याने चौतीस वर्षं रंग मारला होता आणि चौतीस वर्षं सगळ्यांना छळलं होतं. त्याची एक खोड होती. कपाट रंगवून झालं की तळाला, जिथे कुणी वाकून बघत नाही तिथे, ओल्या रंगात उजवा अंगठा दाबायचा. पत्र्याच्या कडेने त्या अंगठ्यावर तिरकी चीर पडलेली होती, ती रंगात झकास उठायची. "गावातल्या प्रत्येक साहेबाच्या कागदपत्रांखाली माझा अंगठा आहे," असं तो सांगायचा आणि स्वतःच मांडी थोपटून हसायचा.

त्याच दुपारी तो भंगारवाल्याकडे गेला. बायकांच्या सायकलची एकच फ्रेम होती तिथे, आडवी दांडी नसलेली. चाकं नाहीत, हँडल नाही, काळ्या रंगाला गंजाचे फोड आलेले. जुना पंखा देऊन त्याने ती उचलली. भंगारवाला त्याच्याकडे पाहून गालातल्या गालात हसला. रंगाऱ्याला पाहून लोक हसायचेच, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

२

रंगाचा नमुना बायकोने स्वतः आणून दिला. जुन्या पातळाचा काठ, निळाही नाही, हिरवाही नाही.

"हा रंग डब्यात मिळत नाही," रंगारी म्हणाला.

"मग चौतीस वर्षं काय शिकलात?"

झालं. पुरुष पेटला. मागच्या खोलीत कारखान्यातून निवृत्तीच्या वेळी मिळालेले अर्धेमुर्धे डबे होते. त्याने निळा ओतला, हिरवा ओतला, शेवटी उजळपणासाठी पांढऱ्याचा डबा उघडून भसकन ओतला आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो पांढरा नव्हताच. स्टोअरकीपरची जिरवायची म्हणून एकदा त्यानेच सगळ्या डब्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल करून ठेवल्या होत्या. स्टोअरकीपर बिचारा कधीच रिटायर होऊन गेला आणि ती गंमत इतक्या वर्षांनी करणाऱ्याच्याच अंगावर आली. आत काय होतं देव जाणे. कशाचा तरी तळ, साय धरलेला, करडा की पिवळट.

ढवळल्यावर जे झालं ते त्याने दोनदा निरखून पाहिलं. डब्याच्या झाकणावर एक पट्टा ओढून त्याने बायकोला दाखवला.

"अगं बाई!" ती म्हणाली. "हाच. अगदी हाच."

"हा पुन्हा होणार नाही हं. मलाच माहीत नाही यात काय काय पडलंय."

"मग सांडू नका म्हणजे झालं."

३

सोमवारी कामाला हात घातला. छताच्या हुकाला तार बांधून त्याने फ्रेम टांगली. रंग उतरवायचं औषध ब्रशने जाडसर लावायचं, वर प्लास्टिक गुंडाळायचं, अर्धा तास थांबायचं. मग रंग दुधाच्या सायीसारखा सुरकुततो आणि खरवडायच्या पत्रीने ओढला की सोलून येतो. चांगलं केलं तर एका दमात लोखंड दिसतं.

काळा निघाला. खाली बाटलीसारखा हिरवा.

"असूदे," रंगारी स्वतःशी म्हणाला. "आळशी लोक. जुन्यावरच नवा फासायचा."

पुन्हा औषध, पुन्हा प्लास्टिक. हिरवा निघताना त्याने फ्रेम उलटी फिरवली. पायडलांचा आस जिथून आरपार जातो, त्या आडव्या नळीच्या पोटाला हिरव्या रंगात एक खळगा होता. लांबट. अंगठ्याएवढा.

रंगारी खूश झाला. "अरे लबाडा! माझ्याच जातीचा कुणीतरी आहेस तू."

दुपारी बायको जेवायला वाढत होती तेव्हा तिच्या कोपराला खरचटलेलं दिसलं. ताजं, लालभडक.

"कुठे आपटलीस?"

तिने हात वळवून बघितला. "कुठेच नाही. घराबाहेर पाऊल नाही टाकलंय मी आज."

"कांद्याने चावा घेतला असेल."

"तुमचे विनोद चावतात, त्याचं असेल."

४

मंगळवारी हिरव्याखाली मरून निघाला. मरूनखाली करडा. करड्याच्या खाली पांढरा. ही फ्रेम आहे की कांदा, रंगाऱ्याला कळेना. खोलीच्या कोपऱ्यात सालपटांचा ढीग झाला. त्याने तो सुपात भरला आणि उचलला तेव्हा त्याची भुवई वर गेली. सूप फ्रेमइतकंच जड होतं. चार थर रंगाचं एवढं वजन होत नाही. ओलं औषध आहे ना त्यात, तो म्हणाला आणि सूप कोपऱ्यात ठेवून दिलं.

प्रत्येक थरात, त्याच जागी, तोच खळगा.

शेजारचा वेल्डर डोकावला. वेल्डर म्हणजे हाडाचा खोचक माणूस.

"रंगारीबुवा, सायकल करताय की खणताय?"

"ये, हे बघ. प्रत्येक थरात अंगठा."

वेल्डरने वाकून पाहिलं. "त्यात काय? तळाला लोखंडच दबलेलं असेल. रस्त्याला खड्डा असला की वर किती डांबर टाका, खड्डा दिसतोच."

"हेच मी म्हणत होतो," रंगारी म्हणाला. असं काही तो म्हणाला नव्हता, पण आता म्हणून टाकल्यावर त्याला बरं वाटलं.

वेल्डर गेला. रंगाऱ्याने पांढऱ्यावर औषध लावलं, प्लास्टिक गुंडाळलं आणि स्टुलावर टेकला. भर दुपार. बायको पुढच्या खोलीत लवंडलेली. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आणि त्याला आवाज आला. टिकटिकटिकटिक. पायडल न मारता सायकल उतारावर सोडली की मागचं फ्रीव्हील करतं तो. वरून, त्यांच्या पायरीपासून निघाला, खाली खाली गेला, वेग घेत, टिकटिक एकमेकांत मिसळून एकच किरकिर झाली.

आणि मध्येच थांबला.

हळू होऊन नाही. कापल्यासारखा.

रंगारी खिडकीशी गेला. उतार रिकामा. खाली पिवळी भिंत, तिच्यावर ऊन.

मागे हुकाला टांगलेली फ्रेम बारीकशी हलत होती. दार उघडं होतं, वारा असणार. त्याने बाहेर बोट धरून पाहिलं. वारा नव्हता. मग औषध लावताना धक्का लागला असेल, अर्ध्या तासापूर्वी. धक्का अर्धा तास टिकतो का, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

संध्याकाळी बायको किंचित लंगडत होती. पोटरीवर काळानिळा डाग. "झोपेत पलंगाच्या कडेला लागलं असेल," ती म्हणाली.

५

बुधवारी पांढरा निघाला आणि खाली पुन्हा काळा. तो सहावा. काळाही ओढला.

त्याच्याखाली लोखंड नव्हतं. निळाही नाही, हिरवाही नाही असा रंग होता.

रंगाऱ्याने पत्री खाली ठेवली. मग त्याने फळीवरून झाकण काढलं, रविवारचा तो पट्टा फ्रेमला लावला आणि दाराच्या उजेडात नेला. कारखान्यात साहेब लोक दोन करड्यांतला फरक ओळखायला त्याला बोलवत. त्याचा डोळा खोटं बोलणारा नव्हता. त्याने तिरकं धरून पाहिलं, सावलीत पाहिलं, ओलं बोट फिरवून पाहिलं. तोच रंग. तीच ती करडी-पिवळट साय, चुकून पडलेली, आतून चमकणारी.

योगायोग, तो म्हणाला. जगात रंग काय कमी आहेत? पण त्याचे हात आपसूकच फ्रेम उलटी करू लागले.

तळाच्या नळीवर खळगा होता. आता त्याच्यावर दुसरा थर नव्हता, त्यामुळे रेघा साफ दिसत होत्या. आणि रेघांना छेदून जाणारी एक तिरकी चीर.

त्याने उजवा अंगठा त्यात ठेवला. बरोब्बर बसला. मोज्यात पाय बसावा तसा.

तो स्वयंपाकघरात गेला. बायको डाळ निवडत होती.

"अगं, ती सायकल राहू दे."

"का?"

"त्या फ्रेमवर तुझा रंग आहे. आधीपासून. सगळ्यात खाली. आणि माझा अंगठा."

बायकोने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि हसत सुटली. डाळीचं ताट हलायला लागलं.

"नाही गं, खरंच..."

"ती भिंतीवर रंगवलेली पाल आठवते का? महिनाभर केरसुणीने झोडली मी! आणि कारखान्याने तुम्हाला जहाज रंगवायला धाडलंय, सहा महिने येणार नाही, म्हणून बॅग भरायला लावलीत ती? मी अख्खा दिवस रडले होते." ती डोळे पुसत म्हणाली. "चेहरा मात्र यंदा झकास केलात. पांढराफटक."

रंगारी दारात उभा राहिला. चाळीस वर्षं ज्या चेहऱ्याने त्याने थापा मारल्या, तोच चेहरा त्याच्याकडे होता. दुसरा आणायचा कुठून?

६

गुरुवारी सकाळी त्याने ठरवलं, फ्रेम परत करायची. पण हुकावरून काढण्याआधी सवयीप्रमाणे त्याने तिला टिचक्या मारल्या. चांगली नळी टणकन वाजते, आतून तडकलेली बद्द बोलते. मागचा त्रिकोण टणटणीत होता. पुढची, हँडलच्या खोबणीतून खाली येणारी जाड नळी बद्द बोलली. तिच्यावर अजून जुन्या काळ्याचा एक पट्टा शिल्लक होता.

आता इथे शहाण्या माणसाने हात आवरला असता. पण ज्याच्या बायकोला त्या गोष्टीवर बसायचं आहे, त्याला तडा बघितल्याशिवाय झोप कशी लागावी? त्याने पत्री घातली.

काळा पट्टा एका फटक्यात निघाला. खाली नळीला सुरकुती पडली होती, आडवी, ओठ मिटल्यासारखी. अशी सुरकुती एकाच कारणाने पडते. सायकल समोरून, पूर्ण वेगात, न हलणाऱ्या कशावर तरी आदळली की.

सुरकुतीत काहीतरी भरलं होतं. त्याने नखाने उकरलं. चुना. पिवळा.

त्याने तोल सावरायला नळी धरली आणि हात झटकन मागे घेतला. तळव्याला रंग लागला होता. सहा थरांखालचा, कोण जाणे किती वर्षांचा तो रंग ओला होता. कालपर्यंत नव्हता.

बाहेर टिकटिक सुरू झाली. या वेळी खालून वर येत होती, सावकाश, कुणीतरी सायकल हातात धरून चालवत आणावी तशी. पायरीपाशी थांबली.

"अहो!" बायको दारात आली. तोंड लाल, केस विस्कटलेले, डोळे चमकत होते. "काय सुरेख पळते! ब्रेक मात्र जरा ढिले आहेत हं."

"काय पळते?"

"सायकल हो. एक फेरी मारून आले. तुम्ही पायरीला लावून ठेवली होतीत ना माझ्यासाठी? रंगाला हात लागला, सॉरी." तिने तळवे दाखवले. निळे नाहीत, हिरवे नाहीत.

रंगाऱ्याने पायरीकडे पाहिलं. पायरी रिकामी होती. फ्रेम त्याच्यामागे हुकाला लटकत होती, बिनचाकांची.

बायकोच्या डाव्या खांद्यावर पदर पिवळा झाला होता. आणि ती बोलताना तिचा श्वास ऐकू येत नव्हता. रंगाऱ्याने नीट ऐकलं. चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाला तो आवाज पाठ असतो. तो नव्हता.

"थोडं गरगरतंय," ती म्हणाली. "चहा टाकते."

७

जे आपण उघडं पाडलं ते पुन्हा झाकायचं, एवढंच त्याला सुचलं. काळ्याचा डबा कुठला, हे शोधायला त्याला चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवता येईना. त्याने पाच झाकणं उचकटली, पाचव्यात काळा निघाला. अस्तर नाही, घासणं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ओल्यावर ओला रंग मारला आणि कुणाला सांगू नका, तो हातभर चिंधीनेसुद्धा मारला.

आधी सुरकुती. सुरकुती झाकली गेली तशी स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला.

"अगं, आहेस ना?"

उत्तर नाही.

मागचा त्रिकोण, खालच्या नळ्या. काळा बसत नव्हता, खालचा रंग त्यातून वर डोकावत होता, आणि तो पुन्हापुन्हा दाबत होता.

"अगं, बोल काहीतरी. शिव्या दे."

"काय कटकट आहे," आतून लांबून आल्यासारखा आवाज आला. "साखर कुठे ठेवलीत?"

रंगाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. औषधाचा वास डोळ्यांना झोंबतो, म्हणून. "जिथे चाळीस वर्षं आहे तिथेच!"

"तिथे नाहीये."

"मग दुसरा नवरा कर, तो शोधून देईल!"

शेवटी तळाची आडवी नळी राहिली. त्याने चिंधी फिरवली. खळगा भरला, पण भरला की पुन्हा दिसायचा. बाहेर टिकटिक सुरू झाली, पायरीपासून, खाली निघालेली. स्वयंपाकघर गप्प झालं.

दुसरं काही सुचलं नाही म्हणून रंगाऱ्याने ओल्या काळ्यात आपला अंगठा दाबला आणि तसाच धरून ठेवला. टिकटिक हळू झाली. एक. मग एक. मग थांबली. हळू होऊन, ब्रेक लागल्यासारखी.

"अहो, चहा निवतोय!"

बायको कप घेऊन आली. पदर स्वच्छ. कोपर बघावं म्हणून त्याने तिचा हात धरला, तर तिने झटकला. "रंगाचे हात!" तिच्या कोपराला ओरखडासुद्धा नव्हता. श्वास चालू होता, थोडा घोरल्यासारखा, नेहमीचा.

"हे काय काळं करून ठेवलंत?" तिने फ्रेमकडे पाहून विचारलं. "कुणाची आहे ही?"

रंगाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती गंमत करत नव्हती. तिला गंमत करता यायची नाही, हसू फुटायचं.

"अशीच," तो म्हणाला. "भंगारातली."

८

शुक्रवारी त्याने फ्रेम खांद्यावर टाकली आणि भंगारवाल्याच्या दारात आणून आपटली.

"आलात परत?" भंगारवाला पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

"परत म्हणजे?"

"म्हणजे आणता की तुम्ही. काळी करून. ठेवा तिथेच, जागा तीच आहे."

रंगारी हसला. थट्टा त्याला कळत होती, उभा जन्म त्यात गेला होता. भंगारवाला हसत नव्हता. तो पेपर वाचत होता.

शनिवार बरा गेला. रविवारी सकाळी बायकोने चहा दिला, समोर बसली, पदराशी चाळा केला.

"चाळीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलंय?"

रंगाऱ्याने कप खाली ठेवला नाही.

"नको," तो म्हणाला. "सायकल सोडून काहीही माग."

"तुम्हाला कसं कळलं सायकल?" ती चकित झाली, मग रुसली. "बरं. नका देऊ. ती वेल्डरची बायको देते म्हणालीय तिची. दुपारी उतारावर एक फेरी मारून बघते."

दार उघडं होतं. बाहेर कुठेतरी, अगदी जवळ, टिक असं एकदाच वाजलं.

"थांब!" रंगारी उठला. "दुसऱ्याची कशाला? मी करून देतो तुला. माझ्या हाताने. तोवर कुणाच्या सायकलला पाय लावायचा नाही. शपथ घे."

"शपथ काय! घेतली बाई."

तो धावतच भंगारवाल्याकडे गेला. फ्रेम जागेवर होती. घरी आणून त्याने ती हुकाला टांगली आणि काळ्या रंगावर जरासं नख चालवलं, अगदी तिळाएवढं.

काळ्याखाली हिरवा होता.

रंगाऱ्याने कोपऱ्यात पाहिलं. सूप तिथेच होतं, सालपटांनी भरलेलं, हिरवी सालपटंही त्यात होती, त्याने स्वतः सोललेली. त्याने पुन्हा फ्रेमकडे पाहिलं. सोललेले थर परत आले होते. मग तो स्टुलावर बसला आणि या आठवड्यात पहिल्यांदा त्याला थोडा धीर आला.

औषधाचा डबा त्याने उचलून मागच्या मोरीत ओतून टाकला. पत्रीही बाजूला ठेवली. पेटीतून सगळ्यात बारीक, झिजून गुळगुळीत झालेला पॉलिश पेपर काढला, त्याची नखाएवढी घडी केली आणि मागच्या नळीच्या टोकाला, सुरकुतीपासून सगळ्यात लांब, घासायला लागला. हलक्या हाताने. बाळाचे गाल पुसावेत तसा.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात जुन्या पातळाचा काठ होता.

"असं घासत बसलात तर कधी व्हायची हो?"

"होईल गं," रंगारी म्हणाला, मान वर न करता. "थर फार आहेत."